हिंगण्याचा काळा दगड आणि नायोबियमची दरी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. एम.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची. हातात प्रबंधिकेचा खर्डा, जमा करायला जेमतेम महिना. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, ‘एकदा सरांना दाखवून घे, मग छापायला दे.’ शीर्षक होतं: ‘नागपूरच्या पश्चिमेकडील बेसाल्ट: प्रावरणातील प्लूम आणि प्राचीन अधोगमित स्लॅब यांच्या आंतरक्रियेचा रासायनिक पुरावा’.

विषय मोठा आणि खरा आहे. पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातून, म्हणजे प्रावरणातून, वर येणारे तप्त प्रवाह, म्हणजे प्लूम, आपल्याबरोबर कधीकाळी बुडालेल्या सागरतळाचे तुकडे, म्हणजे स्लॅब, घेऊन येतात, आणि ज्वालामुखीच्या खडकांत त्यांचा माग लागतो. गेली चाळीस वर्षं भूरसायनशास्त्राने यावर फार सुंदर काम केलं आहे. पण तिच्या हातातल्या आकड्यांवरून हा निष्कर्ष निघत नव्हता. तो का निघत नव्हता हे शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले. सगळं सविस्तर लिहितो आहे, कारण हीच गल्लत शिकवण्याच्या वर्षांत मी वारंवार पाहिली, आणि तरुणपणी एका अहवालात माझ्या सहीनिशी केलीही.

तिच्याजवळ काय होतं

नऊ नमुने होते. हिंगण्याकडच्या दोन खदानींतले सात आणि रस्त्याच्या कापणीतले दोन. मुख्य ऑक्साइडं एक्सआरएफ या क्ष-किरणांच्या यंत्रावर मोजलेली, अत्यल्प प्रमाणातली सूक्ष्म मूलद्रव्यं आयसीपी-एमएस या अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर. समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, मोजणी नव्हती. तो खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नसतो.

तिने त्यांचा स्पायडर आलेख काढला होता. प्रत्येक मूलद्रव्याचं प्रमाण आदिम प्रावरणातल्या प्रमाणाने भागायचं आणि सगळी एका ठरावीक क्रमाने मांडायची. प्रावरण वितळू लागलं की जी मूलद्रव्यं स्फटिक सोडून आधी द्रवात पळतात ती डावीकडे, जी रेंगाळतात ती उजवीकडे. रुबिडियम, बेरियम, थोरियम, युरेनियम, नायोबियम, टँटलम, लँथॅनम, सिरियम, शिसं असा तो क्रम पुढे जातो. शेजारची मूलद्रव्यं वितळताना जवळपास सारखी वागतात, त्यामुळे शुद्ध प्रावरणी शिलारसाची रेषा बरीचशी गुळगुळीत येते. रेषेत कुठे खड्डा किंवा उंचवटा दिसला तर वितळण्यापलीकडचं काहीतरी घडलं आहे असं समजायचं.

तिच्या सात नमुन्यांत नायोबियमपाशी रेषा कोसळत होती आणि शिशापाशी उसळी घेत होती. उरलेल्या दोन नमुन्यांत ही दरी उथळ होती. त्या दोघांना तिने ‘अपवाद’ म्हणून एका ओळीत निकालात काढलं होतं.

“सर, नायोबियमची दरी म्हणजे सबडक्शन. सगळ्या पुस्तकांत आहे.”

सबडक्शन, म्हणजे अधोगमन: समुद्रतळाचं खंदकाशी खाली बुडणं. पुस्तकांत आहेच. शिवाय तिने वाचलं होतं की हवाई, सामोआ, सेंट हेलेना यांच्याखालच्या प्लूममध्ये जुने स्लॅब सापडले आहेत. तिसरं म्हणजे भूकंपलहरींच्या साहाय्याने काढलेल्या चित्रांत भारताखाली खोलवर टेथिस या आता नाहीशा झालेल्या समुद्राच्या तळाचे बुडालेले तुकडे दिसतात. १९९९ साली फान डर व्हू, स्पाकमन आणि बाइवार्ड यांनी ते प्रसिद्ध केलं होतं, आणि तिने तो शोधनिबंध मन लावून वाचला होता. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चूक त्यांना एका सुतात ओवण्यात होती.

रस आणि चिपाड

समुद्रतळाचं कवच मध्यसागरी कटकापाशी, म्हणजे समुद्राखालच्या लांबलचक डोंगररांगेपाशी, जन्मतं आणि कोट्यवधी वर्षं खाऱ्या पाण्यात भिजत सरकत राहतं. खंदकाशी पोचलं की ते खाली जातं. साधारण शंभर किलोमीटर खोलीच्या आसपास ताप आणि दाब इतके वाढतात की खनिजांत अडकलेलं पाणी बाहेर पडतं. हे पाणी रिकाम्या हाताने निघत नाही. रुबिडियम, बेरियम, पोटॅशियम, शिसं अशी पाण्यात सहज विरघळणारी मूलद्रव्यं ते बरोबर नेतं. नायोबियम आणि टँटलम मात्र टायटॅनियमच्या रुटाइल नावाच्या खनिजात घट्ट बसलेली असतात. पाणी त्यांना हलवू शकत नाही.

वर चढलेलं हे पाणी स्लॅबच्या माथ्यावरचं प्रावरण वितळवतं आणि तिथे ज्वालामुखींची रांग उभी राहते: जपान, इंडोनेशिया, अँडीज. या लाव्हांत पाण्याबरोबर आलेली मूलद्रव्यं भरपूर, न आलेलं नायोबियम कमी. पुस्तकातली ‘नायोबियमची दरी’ ती हीच.

मग जो तुकडा खाली बुडाला, त्याचं काय?

मी तिला रसवंतीवर घेऊन गेलो. त्या उन्हात एरवीही गेलो असतो, पण चरकासमोर उभं राहून सांगायचं होतं. ऊस आत जातो, रस एका बाजूला पडतो, चिपाड दुसऱ्या बाजूला. खंदकाकाठचे ज्वालामुखी रस पितात. प्रावरणाच्या तळाकडे बुडतं ते चिपाड. कोट्यवधी वर्षांनी एखादा प्लूम वर आणतो तेही चिपाडच. रसाची चव चिपाडात सापडणार नाही. तिथे उलट चव शोधायला हवी. नायोबियम तुलनेने जास्त, शिसं आणि रुबिडियम कमी.

ती ग्लास हातात धरून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे दरी नाही, उंचवटा यायला पाहिजे होता.”

आणि तसाच उंचवटा येतो. १९८२ साली हॉफमन आणि व्हाइट यांनी मांडलं की सागरी बेटांच्या लाव्हांचं मूळ पुनर्चक्रित सागरी कवचात असावं. त्याची सर्वांत ठसठशीत उदाहरणं म्हणजे दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना आणि प्रशांत महासागरातल्या कुक बेटांपैकी मंगाइया. यांच्या स्पायडर आलेखात नायोबियमपाशी शिखर आणि शिशापाशी दरी असते. तिच्या आलेखाचं जणू पाण्यातलं प्रतिबिंब.

पुरावा एवढ्यावरच थांबत नाही. पाणी शिसं घेऊन गेलं की मागे उरलेल्या तुकड्यात शिशाच्या मानाने युरेनियम जास्त होतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. एवढ्या संथ घड्याळावर फरक दिसायला शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात युरेनियमपासून शिसे-२०६ तयार होऊन साचत जातं. मध्यसागरी कटकाच्या बेसाल्टमध्ये शिसे-२०६ आणि शिसे-२०४ यांचं गुणोत्तर साधारण १८ ते १९ असतं. सेंट हेलेना आणि मंगाइयात ते २० च्या वर जातं. तुकडा नुसता बुडालेला असून भागत नाही, तो पुरेसा जुनाही असावा लागतो.

मंगाइयाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २०१३ साली त्या बेटाच्या लाव्हातल्या ऑलिव्हिन या हिरवट खनिजाच्या स्फटिकांत कोंडलेले सल्फाइडचे सूक्ष्म कण तपासले गेले. त्यांतल्या गंधकाच्या समस्थानिकांत एक विशिष्ट विसंगती सापडली. ती फक्त प्राणवायू नसलेल्या वातावरणात, सूर्याच्या अतिनील किरणांखाली तयार होते. अशी हवा पृथ्वीवर सुमारे २४५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच होती. म्हणजे ते गंधक तेव्हा उघड्या आभाळाखाली होतं, मग समुद्रतळाबरोबर बुडालं, अब्जावधी वर्षं प्रावरणात फिरलं आणि अवघ्या दोन कोटी वर्षांपूर्वी एका बेटावर लाव्हा होऊन वर आलं. इतकी भक्कम साखळी विज्ञानात क्वचित जुळते. ‘स्लॅबचा पुरावा’ हे शब्द लिहायचे तर माझ्या डोळ्यांसमोर हा दर्जा असतो, आणि तिने त्याच दर्जाला हात घालावा असं मला मनापासून वाटत होतं.

सीताबर्डीवरून दिसणारी हद्द

मग हिंगण्याच्या दगडात दरी आली कुठून? उत्तराची सुरुवात नागपुरातच होते. सीताबर्डीच्या टेकडीच्या आसपास दोन भूशास्त्रीय जगांची सीमा आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, हिंगणा, कळमेश्वर हा सगळा दख्खनच्या लाव्हाचा काळा कातळ. पूर्वेला विहीर खणली की पट्टेदार नीस लागतो, आपल्या खंडाचं अतिप्राचीन कवच. १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या पाद्र्यांनी हीच जमीन पायी तुडवली, टाकळीच्या लाव्हाथरांमधल्या गाळातून जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. लाव्हा, गाळ आणि नीस इतक्या जवळजवळ पाहायला मिळणारं शहर विद्यार्थ्यांसाठी भाग्याचं आहे, असं मी वर्गात नेहमी म्हणत असे.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. त्याच्या मुळाशी असलेला प्लूम आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप, मालदीव, छागोस आणि मॉरिशस ही त्याने वाटेत सोडलेली पावलं. पण रियुनियनवर शिलारस पातळ सागरी कवचातून वर येतो, आणि दख्खनमध्ये तो जाड, जुन्या खंडीय कवचातून आला. उकळता शिलारस अशा कवचात थबकला की भिंती वितळवतो आणि त्यांचा अंश पोटात घेतो.

खंडीय कवचाची सही नेमकी तिच्या आलेखासारखी असते. हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की सागरी बेसाल्टमध्ये नायोबियम आणि युरेनियम यांचं गुणोत्तर सुमारे ४७ असतं, सिरियम आणि शिसं यांचं सुमारे २५. सरासरी खंडीय कवचात पहिलं दहाच्याही खाली उतरतं, दुसरं सुमारे ४ वर. तिचे सात नमुने ४७ च्या निम्म्यालाही पोचत नव्हते. नमुन्यांचा कल कवचाकडे होता, सेंट हेलेनाकडे नव्हे.

मी तिला वहीत एक हिशेब करायला लावला, मुद्दाम गोळाबेरीज आकडे घेऊन. समजा शिलारसात लँथॅनम १० भाग, नायोबियम १० भाग. गिळलेल्या कवचात लँथॅनम ४०, नायोबियम १२. शिलारसात कवच २० टक्के मिसळलं तर लँथॅनम १६ होतं, नायोबियम १०.४. गुणोत्तर १ वरून ०.६५ वर घसरतं. नायोबियम कमी झालंच नाही, शेजारी उंच झाला. तिच्या मनात ‘दरी’ म्हणजे काहीतरी हरवणं होतं. इथे दरी पडली ती बाजूच्या डोंगरामुळे.

दख्खनमध्ये हे नवं नाही. पश्चिम घाटातल्या लाव्हाथरांची रासायनिक उतरंड १९८० च्या दशकात बारकाईने लावली गेली. त्यातला अंबेनळी हा थरसमूह कवचापासून सर्वांत कमी बाधित आहे. त्याचं स्ट्राँशियम-८७ आणि ८६ चं गुणोत्तर सुमारे ०.७०४, म्हणजे रियुनियनच्या अगदी जवळचं. उलट बुशे समूहात ते ०.७१३ च्याही वर चढतं, म्हणजे जुन्या, रुबिडियमने भरलेल्या कवचाचा घोट तिथे मोठा आहे, कारण स्ट्राँशियम-८७ रुबिडियमपासूनच साचतं. डेव्ही आणि कॉक्स यांनी १९८७ मध्ये आणखी एक गोष्ट टिपली. आपली अपेक्षा असते की शिलारस थंड होत, मॅग्नेशियम गमावत जातो तसा तो जास्त कवच गिळतो. दख्खनमध्ये उलट दिसलं: जास्त मॅग्नेशियम असलेले, म्हणजे जास्त गरम शिलारस अधिक बाधित निघाले. तापलेल्या तव्यालाच जास्त चिकटतं, तसं.

इथे ती मला अडवून एक प्रश्न विचारून गेली, आणि त्या प्रश्नाने माझंच मत बदललं. “सर, पण हिंगण्याचा लाव्हा नागपूरच्या नीसमधूनच वर आला कशावरून?”

बरोबर होतं. दख्खनचे काही प्रवाह प्रचंड अंतर वाहिले. आंध्रातल्या राजमहेंद्रीचा बेसाल्ट रासायनिकदृष्ट्या घाटातल्या वरच्या थरांशी जुळतो, आणि घाटापासून तिथपर्यंतचा प्रवास हजार किलोमीटरच्या घरातला आहे. जमिनीवरून वाहत जाणारा लाव्हा खालचा दगड फारसा गिळत नाही. तळाशी त्याची साय लगेच गोठते. कवचाची खरी मिसळ खोलवर, शिलारस साठतो तिथे होते. त्यामुळे पूर्व नागपुरातल्या विहिरीतला नीस आणून ‘हाच तो गुन्हेगार’ म्हणणं मी करायला निघालो होतो, ते थांबवलं. खंडीय कवच मिसळलं, एवढं आकडे सांगतात. कुठलं कवच, कुठे, हे ते सांगत नाहीत. ही दुरुस्ती तिची आहे, आणि प्रबंधिकेत ती तशीच गेली.

भुकटी कशी केली होती

दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, दगड दळला कशात? तिला माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत फोन केला तर कळलं, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात. मला हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. माझ्या त्या जुन्या अहवालातही नेमकी हीच चौकशी राहून गेली होती. टंगस्टन कार्बाइडचं भांडं भुकटीत टंगस्टन आणि कोबाल्ट सोडतं, आणि सोबत टँटलम, कधीकधी थोडं नायोबियमही. तिच्या तक्त्यात कोबाल्ट नको तितका वर होता आणि नायोबियम-टँटलम गुणोत्तर प्रावरणी खडकात अपेक्षित असलेल्या १५ ते १७ च्या खाली घसरलं होतं. टँटलमवर उभे केलेले सगळे आलेख बाद झाले. नायोबियमची दरी मात्र टिकली, कारण भांडं नायोबियम वाढवेल, कमी करणार नाही. सूक्ष्म मूलद्रव्यांच्या कामासाठी दगड अगेटच्या, म्हणजे अकीक दगडाच्या, खलात दळावा. हे वाक्य प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगं आहे.

दुसरी शंका ताजेपणाची होती. नमुन्यांचे उरलेले तुकडे पाहिले तर दोघांत वायूच्या पोकळ्या झिओलाइट या नंतर साचलेल्या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. असा दगड दळला तर बेरियम, स्ट्राँशियम, रुबिडियम ही नंतरच्या पाण्याची देणगी असू शकते. युरेनियमही पाण्यात हलतं, म्हणून नायोबियम-युरेनियमपेक्षा नायोबियम-थोरियम आणि नायोबियम-लँथॅनम यांच्यावर जास्त विसंबायचं ठरवलं.

आम्ही सकाळी सहालाच खदानीवर गेलो. नऊनंतर तिथे उभं राहवत नाही. मुकादम तिला ओळखत होता. ती कडेचा गोल, सालपटं सुटलेला गोटा फोडायला लागली तसा तो म्हणाला, “ताई, तो सडका गोटा कायले घेऊन राहिल्या? इकडे या, काल मधला कातळ फुटला. त्याची गिट्टी पाहा, कशी खणखण वाजते.” त्याने दाखवलेला भाग प्रवाहाच्या पोटातला होता: पोकळ्या नाहीत, निळसर काळा, हातोडीखाली घंटेसारखा. आधीचे नमुने वरच्या, पोकळ्यांच्या पट्ट्यातून घेतले होते, कारण तिथे उतरायला वाट सोपी होती. खदानीत काम करणाऱ्या माणसाला ताजा दगड आवाजावरून कळतो. आपण ते सूक्ष्मदर्शकाखाली शिकतो.

झिओलाइटचे दोन नमुने गाळले, मधल्या कातळाचे दोन नवे घेतले. मार्गदर्शकांनी ओळखीच्या ठिकाणी ते अगेटमध्ये दळून मोजून आणले. दरी तिथेही होती. चित्र बदललं नाही, पण आता ते दगडाचं चित्र होतं.

“पण सर, गाळ?”

तिने हार मानली नव्हती, आणि तिच्या पुढच्या आक्षेपाचं वजन मला आजही वाटतं. स्लॅबवर फक्त सागरी कवच नसतं, खंडावरून वाहून आलेला गाळही असतो. तोही बुडतो. गाळ म्हणजे दळलेलं खंडीय कवचच. मग असा गाळ घेऊन वर आलेल्या प्लूममध्येही नायोबियमची दरी दिसेल, नाही का?

दिसते. सामोआ त्याचं उदाहरण. २००७ मध्ये तिथल्या समुद्रतळावरून काढलेल्या लाव्हात स्ट्राँशियमचं गुणोत्तर ०.७२०५ पर्यंत मोजलं गेलं. प्रशांत महासागराच्या मध्यावर, खंडापासून हजारो किलोमीटर दूर, असा आकडा येण्याचं सरळ कारण म्हणजे प्लूमच्या मुळात मिसळलेला प्राचीन खंडीय गाळ. शिवाय सामोआजवळच टोंगाचा खंदक आहे. बुडणाऱ्या स्लॅबच्या कडेला वळसा घालून सामोआचं प्रावरण पलीकडच्या लाऊ या सागरी खोऱ्याखाली शिरलं, हे तिथल्या लाव्हातल्या हेलियम-३ च्या जास्त प्रमाणावरून ओळखलं गेलं. प्लूम आणि स्लॅब यांची खरी भेट पाहायची तर ती तिथे.

पण सामोआचा युक्तिवाद भक्कम आहे तो समुद्रामुळे. शिलारसाच्या वाटेत खंड नाही, म्हणून खंडाची सही खोलातूनच आली असणार. हिंगण्याच्या शिलारसाच्या वाटेत खंड आहे. गाळ खाली मिसळला की कवच वर मिसळलं, हे केवळ सूक्ष्म मूलद्रव्यांवरून सांगता येत नाही. अशा वेळी समोर उभं असलेलं, मोजता येणारं कारण आधी संपवावं, मगच २,९०० किलोमीटर खोलीवरचं शोधावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि इथे त्या दोन ‘अपवादां’नी साथ दिली. दरी प्लूमच्या मुळातूनच आली असती तर ती सगळ्या नमुन्यांत कमीअधिक सारखी असायला हवी होती. एकाच खदानीतल्या लागोपाठच्या दोन प्रवाहांत ती एवढी बदलणं हे वाटेत झालेल्या, कमीजास्त मिसळीचं लक्षण आहे. सगळे नमुने नायोबियम-थोरियमच्या आलेखावर टाकले तर एक रेघ तयार होत होती: एक टोक कवचाकडे, दुसरं सागरी बेसाल्टकडे. ते दोन नमुने दुसऱ्या टोकाशी. तिने ज्यांना बाजूला सारलं होतं, तेच प्लूमच्या मूळ रचनेच्या सर्वांत जवळ होते.

टेथिसचा मुद्दा लवकर सुटला. भारताखालच्या खोल प्रावरणात आज दिसणारे ते तुकडे, त्यांच्यावरून भारत नंतर उत्तरेकडे सरकत आला म्हणून आज आपल्याखाली आहेत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियनच्या बाजूला होता. आणि टेथिसचा तळ युरेनियमच्या घड्याळासाठी फारच तरुण. तिने नकाशावर भारताचा ठिपका मागे सरकवून पाहिला आणि स्वतःच तो परिच्छेद खोडला.

खोडायला तिला जड गेलं ते एक वाक्य वेगळंच होतं. तिने विचारलं, “मग अधोगमनाचा काहीच संबंध नाही?” संबंध आहे. खंडीय कवचात नायोबियमची दरी आहे, कारण ते कवचच बऱ्याच अंशी प्राचीन खंदकांकाठच्या ज्वालामुखींतून घडलं. कधीतरी एखादा समुद्रतळ बुडाला, त्याच्या पाण्यातून खडक जन्मले, ते खंडाचा भाग झाले, आणि दख्खनच्या शिलारसाने त्यांचा तुकडा गिळला. तिच्या आलेखातलं अधोगमन खरं होतं, फक्त ते प्लूमच्या पोटातलं नव्हतं. हे वाक्य तिने प्रबंधिकेच्या चर्चेत ठेवलं, आणि संपूर्ण कामातलं ते मला सर्वांत आवडलेलं वाक्य आहे.

प्रबंधिकेत शेवटी काय गेलं

शीर्षक बदललं: ‘नागपूरच्या पश्चिमेकडील बेसाल्ट: खंडीय कवचाच्या मिसळीचा रासायनिक पुरावा, आणि प्लूमच्या मूळ रचनेविषयी त्यातून येणाऱ्या मर्यादा’. टँटलमचे आलेख गेले. नमुना कुठल्या पट्ट्यातून घेतला आणि कशात दळला याचा स्वतंत्र तक्ता आला. प्लूममध्ये पुनर्चक्रित स्लॅब आहे की नाही यावर तिने ‘या माहितीवरून ठरवता येत नाही’ असं लिहिलं, आणि ठरवायला काय लागेल ते पुढे मांडलं. कमी बाधित नमुन्यांवर स्ट्राँशियम, निओडिमियम आणि शिशाचे समस्थानिक. ऑलिव्हिनमधलं निकेल, कारण हवाईत पुनर्चक्रित कवचाचा माग त्यावरूनही काढला गेला आहे. त्यासाठी बोटाद, पावागढसारख्या गुजरातमधल्या ऑलिव्हिनने भरलेल्या पिक्राइट खडकांकडे जावं लागेल, कारण हिंगण्याच्या बेसाल्टमध्ये तसं टपोरं, ताजं ऑलिव्हिन मिळत नाही. हेलियमही. राजस्थानातल्या सरणू-दंडाली आणि मुंदवाडा या दख्खनच्या आरंभीच्या, सुमारे ६.८५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत १९९३ मध्ये हेलियम-३ आणि ४ चं गुणोत्तर आजच्या हवेच्या जवळपास १४ पट आढळलं होतं. मध्यसागरी कटकात ते ८ पटीच्या आसपास असतं. खोल प्लूमचा हा बोलका पुरावा आहे, आणि स्लॅबविषयी तो काही सांगत नाही, हेही तिने स्वतःहून लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्पायडर आलेख समोर धरून पहिलाच प्रश्न विचारला: ही दरी म्हणजे सबडक्शन का? तिने चरकापासून सुरुवात केली.

त्या दोन ‘अपवाद’ नमुन्यांची, नव्याने अगेटमध्ये दळलेली भुकटी आता विभागाच्या कपाटात दोन छोट्या डब्यांत आहे. झाकणावर खदानीचं नाव, प्रवाहाचा क्रमांक आणि तिच्या अक्षरात ‘शिशाचे समस्थानिक बाकी’.